मार्डेल ओल्थॉफची मोजणी

मार्डेल ओल्थॉफ गेल्या नोव्हेंबरात गेली. आमच्या एल्सबर्गच्या साप्ताहिकाने तिच्यावर चार ओळी मागितल्या आणि शेजारी म्हणून त्या मीच लिहून दिल्या. चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात, चोवीस वर्षं पक्षाच्या दुसऱ्या वॉर्डाची सभाध्यक्ष, सगळ्यांशी सारखी वागली. चारही ओळी खऱ्या आहेत. तरी छापून आल्यावर मला त्या वाचवेनात. जे लिहायला हवं होतं ते मी गाळलं होतं, आणि ते माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय.

मी डेलमर व्हॉस. मेन स्ट्रीटवर माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. आमच्या गावात दोन्ही पक्षांच्या लोकांना खिळे लागतात, म्हणून दुकानदाराने मत पोटात ठेवायचं असतं. ते मला चांगलं जमायचं. मार्डेलला माझ्याहून चांगलं जमायचं. तिला 'नाही' म्हणताना मी कधी ऐकलं नाही आणि 'हो' म्हणतानाही फारसं ऐकलं नाही. ती "बघू या" म्हणायची आणि समोर केक सरकवायची. शाळेत बँकवाल्याच्या मुलाला आणि डुकरांच्या शेडवर राबणाऱ्याच्या मुलाला बटाट्याचा लगदा एकाच मापाने वाढायची. एकदा तिच्या सख्ख्या भाच्याने जास्त मागितला तर म्हणाली, मागे रांग आहे, बाळा. ही गोष्ट गावात वीस वर्षं सांगितली गेली.

अशी बाई सभाध्यक्ष म्हणून कोणाला नको असेल? दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा म्हटलं की जानेवारीच्या कडाक्यात आमची कॉकस भरायची. तिथे चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्या गावासमोर उभं राहायचं. दाताचा डॉक्टर बघतो, सासू बघते, गिऱ्हाईक बघतं. मग डोकी मोजायची. शंभरात पंधरा डोकी ज्या कोपऱ्यात नाहीत तो कोपरा बाद, त्यातल्यांनी दुसरा कोपरा धरायचा. मोजायचं काम मार्डेलचं, लिहायचं काम माझं. अध्यक्षालाही एका कोपऱ्यात उभं राहायचा हक्क असतो, पण सहा कॉकशींत मार्डेल कुठेच उभी राहिली नाही. लोक म्हणायचे, बघा किती निःपक्षपाती. मला वाटायचं, ही माझ्याच जातीची, भिडस्त. आमच्याकडे निःपक्षपाती माणूस आणि भिडस्त माणूस यांतला फरक कोणी विचारत नाही, कारण दोघंही कॉफी सारखीच पाजतात.

त्या वर्षी उमेदवार तीन होते आणि तिघांपैकी एकही धड नव्हता. सिनेटर कॅलोवे देखणा, हसतमुख, निवडून येईल असा. जाईल त्या गावच्या ॲपल पायला जगातली सर्वोत्तम ॲपल पाय म्हणायचा. आमच्याकडची न खाताच म्हणाला होता. घरी येऊन आजारी माणसांचं करणाऱ्या नर्सांचा सरकारी पैसा तोडायच्या कायद्याला त्याने हात वर केला होता, तेही हसतच. गव्हर्नर रेनिक हुशार बाई, पण बोलायची कागदावरून, आणि तिच्या राज्यात तिने मतिमंदांचे वर्ग बंद केले होते. तिसरा काँग्रेसमन टॉलिव्हर, सत्त्याहत्तर वर्षांचा. आमच्या गावात येऊन त्याने दोनदा दुसऱ्याच गावाचं नाव घेतलं, स्वतःच्या ड्रायव्हरवर सगळ्यांदेखत ओरडला, आणि वर मक्यापासून गाडीचं इंधन करायला सरकारने पैसे देऊ नयेत असं म्हणाला. मक्याच्या प्रदेशात येऊन असं म्हणणं म्हणजे लग्नाला येऊन नवरीला नावं ठेवणं. उडदामाजी काळे गोरे काय निवडावे, असा प्रकार. बहुतेकांनी दगडापेक्षा वीट मऊ म्हणून कॅलोवे धरला. मीही धरला.

लिओटा ब्रॅन्टने मात्र टॉलिव्हर धरला, आणि त्याचं कारण डेनी होता.

डेनी लिओटाचा मुलगा. तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा, माझ्याहून उंच. बोलणं-समजणं मात्र सात-आठ वर्षांच्या पोरापाशी थांबलेलं. पंधरा वर्षं त्याने मार्डेलच्या हाताखाली शाळेत ट्रे पुसले होते आणि एकही ट्रे फोडला नव्हता. लिओटा त्र्याहत्तर वर्षांची, एकटी, हृदयाची दुखणेकरी. माझ्यामागे डेनीचं काय, या एका प्रश्नावर ती रोज झोपायची आणि रोज उठायची. सरकारचं उत्तर तयार होतं: सव्वाशे मैलांवरची संस्था, एका खोलीत चार खाटा. टॉलिव्हर म्हणायचा, अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या घरात राहू द्या, मदतनिसाचा पगार सरकार देईल. तिघांत असं म्हणणारा तो एकटा. प्रचाराला आला तेव्हा लिओटाच्या स्वयंपाकघरात दोन तास बसला आणि डेनीशी पत्ते खेळून हरला.

टॉलिव्हर निवडून येणार नाही हे लिओटालाही कळत होतं. तिला हवा होता फक्त एक प्रतिनिधी. आमच्या वॉर्डातून सहा प्रतिनिधी जिल्ह्याच्या अधिवेशनाला जात. टॉलिव्हरचा कोपरा टिकला तर त्यातला एक त्यांचा, आणि ती स्वतःच जाणार होती. तिथे उभं राहून दोन मिनिटं काय बोलायचं ते तिने कागदावर लिहूनही ठेवलं होतं. जिल्ह्याने ठराव केला की तो राज्याकडे जातो, आणि मग कॅलोवे निवडून आला तरी त्याला तो वाचावा लागतो. हे सगळं तिने मार्डेलला समजावलं तेव्हा मी तिथेच होतो. मार्डेलच्या सिंकखाली पाइप बसवत आडवा.

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही," लिओटा म्हणाली. "माझ्या कोपऱ्यात उभी राहशील?"

"मी अध्यक्ष आहे ना गं."

"अध्यक्षालाही मत असतं. नियमात आहे, मी वाचलंय."

वर कपाटाचं दार उघडलं, मिटलं. मग मार्डेल म्हणाली, "बघू या. केक घे ना." लिओटाने केक घेतला असावा, कारण बशी वाजली. मी सिंकखाली गालात हसलो. त्या हसण्याची मला आज शरम वाटते, पण ती या गोष्टीतली सगळ्यात लहान शरम आहे.

कारण मलाही काहीतरी हवं होतं. कॅलोवे माझ्या दुकानात येऊन गेला होता. माझ्याच दुकानातला हातोडा हातात घेऊन त्याने माझ्याबरोबर फोटो काढला, आणि तो मी गल्ल्यामागे लावला होता. त्याच्या लोकांनी प्रतिनिधींची यादी केली त्यात माझं नाव चौथं होतं. कॅलोवेला तीनच जागा मिळाल्या तर मी घरी. चार मिळाल्या तर छातीला बिल्ला लावून अधिवेशनाला. आमच्या घराण्यात कोणी कधी कसला प्रतिनिधी झालेला नव्हता. एवढ्याशा बिल्ल्यासाठी साठीतला माणूस काय काय करू शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कॉकस शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये भरली. बाहेर उणे बावीस, गाड्या चालूच ठेवून लोक आत येत होते. कॅलोवेचा कोपरा बक्षिसांच्या ढालींच्या कपाटापाशी, रेनिकचा खिडक्यांकडे, आणि टॉलिव्हरला दुधाच्या फ्रिजशेजारची जागा. मार्डेल धरून आम्ही सगळे मिळून त्र्याण्णव भरलो. म्हणजे टिकायला चौदा डोकी हवीत. पहिल्या मोजणीत टॉलिव्हरकडे बारा होती.

मग अर्धा तास ओढाओढीचा. या अर्ध्या तासात आमचे शांत लोक एकमेकांच्या बाह्या ओढतात. रेनिकच्या बायकांनी लिंबाच्या वड्या मांडल्या होत्या, कॅलोवेकडे हॅमचे पाव होते. टॉलिव्हरच्या टेबलावर लिओटाने केलेले रूबार्बच्या आंबट देठांचे गोड चौकोन आणि डेनीने रंगवलेली पाटी. लोक वड्या उचलून परत आपल्या कोपऱ्यात जात. लिओटा प्रत्येकासमोर जाऊन उभी राहत होती. हात जोडत नव्हती, रडत नव्हती. फक्त म्हणत होती, दोन माणसं कमी आहेत. लोक तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत. मक्याच्या शत्रूच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर उद्या धान्याच्या कोठारावर काय तोंड दाखवणार? मलाही तिने विचारलं. मी वही दाखवली आणि म्हणालो, मी लेखनिक आहे ना. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, कारण कॅलोवेच्या सेहेचाळिसांत माझं डोकं आधीच मोजलेलं होतं.

अर्धा तास संपत आला तेव्हा एल्रॉय क्रूझ कॅलोवेच्या गर्दीतून बाहेर आला. एल्रॉय म्हणजे आठशे एकर मका आणि टॉलिव्हरच्या नावाने रोज सकाळी शिव्या. तो टोपी काखेत मारून हॉलच्या मधोमध चालत गेला.

"एल्रॉय, रस्ता चुकलास का रे?" कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

"टॉलिव्हर गेला खड्ड्यात," एल्रॉय म्हणाला. "मी डेनीसाठी उभा राहतोय." मागोमाग रेनिककडून त्याची बायकोही गेली, आणि जाताना हॅमचा पाव घेऊन गेली. लिओटाने दोघांचे हात धरले. चौदा झाले.

आता शेवटची मोजणी. मार्डेल मोजायची ती खांद्याला हात लावून. शाळेच्या सहलीत मुलं मोजायची तिची ती पद्धत, नुसत्या नजरेवर तिचा विश्वास नव्हता. कॅलोवे पंचेचाळीस, रेनिक तेहेतीस. मग ती टॉलिव्हरकडे गेली. एक, दोन, तीन, हॉलच्या गलक्यात जेमतेम माझ्यापर्यंत पोचेल इतक्या आवाजात. एल्रॉय बारा, त्याची बायको तेरा. सगळ्यात शेवटी फ्रिजला टेकून डेनी उभा होता, इस्त्रीचा सदरा, वर टाय. तिने त्याच्या खांद्याला हात लावला. "चौदा," ती म्हणाली, आणि टेबलापाशी बसून मी पेन्सिलीने चौदा लिहिलं.

ती वळून टेबलाकडे यायला लागली, आणि डेनी तिच्या मागून आला.

का आला ते हॉलमधल्या कोणाला कळलं नसेल, पण शाळेत दुकानातले रंगाचे डबे पोचवायला गेल्यामुळे मला माहीत होतं. ट्रे धुवायचं ते यंत्र एवढं घरघरायचं की हाक ऐकूच जायची नाही. मार्डेल डेनीच्या खांद्याला हात लावायची, म्हणजे चल, ट्रे आले. पंधरा वर्षं तो त्या स्पर्शाबरोबर हातातलं सोडून तिच्या मागे गेला होता. आताही गेला. तिच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, हात पुसून उभा राहिला.

कॅलोवेतर्फे राजधानीहून, डी मॉइनहून, एक वकील देखरेखीला आला होता. सभ्य माणूस, महागडे बूट. मोजणी चालू असताना तो पाव खात होता, पण आता त्याने टॉलिव्हरच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि बोटाने मोजलं.

"मॅडम, तिथे तेराच दिसतायत," तो अदबीने म्हणाला. "हे गृहस्थ तर इथे तुमच्याजवळ उभे आहेत. ते नक्की कोणाच्या बाजूचे? आपण त्यांनाच विचारू या का?"

 डेनी सगळ्यांकडे बघून हसत होता. मार्डेलने एवढंच म्हणायचं होतं की मी याला तिथे मोजलंय. मोजल्यावर माणूस कुठेही जावो, मोरीत जावो, मोजलेला तो मोजलेला. नियम तिला पाठ होता. तिचं तोंड उघडलंही होतं. पण वाद घालायची सवय नसलेल्या माणसाला आधी आजूबाजूला बघावं लागतं, आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झुकून तिच्या कानाशी म्हणालो, "तेरा म्हण, मार्डेल. उगाच सगळ्यांसमोर बिचाऱ्याची परीक्षा नको."

किती माया होती माझ्या आवाजात. मला स्वतःलाच ती खरी वाटली. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात हिशेब चालू होता, की टॉलिव्हरचा कोपरा मोडला तर सहावी जागा कॅलोवेला, आणि यादीत चौथा मी.

"तेरा," मार्डेल म्हणाली.

मी पेन्सिल उलटी केली आणि मागच्या रबराने चौदातला चार खोडला. तिथे तीन काढला. वकील आभार मानून दुसऱ्या पावाकडे वळला.

 लिओटा मार्डेलकडे बघत राहिली, आम्हाला अवघडायला होईल इतका वेळ. मग तिने खुर्चीवरचा डेनीचा कोट उचलला आणि टेबलापाशी येऊन त्याची बटणं लावायला लागली.

डेनी निघायला तयार नव्हता. त्याने मार्डेलला विचारलं, "ट्रे कुठायत?"

"आज ट्रे नाहीत, डेनी," मार्डेल म्हणाली.

ती दोघं गेली. एल्रॉय कोणाकडे न बघता बायकोला घेऊन गेला. उरलेल्यांतले सात कॅलोवेकडे आले, तीन रेनिककडे गेले, आणि कॅलोवेच्या चार जागा झाल्या. माझं नाव वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी उठून मान लववली. निघताना एकेक जण मार्डेलचा हात हातात घेऊन सांगत होता, की मैत्रिणीचा मुलगा असून तू डगमगली नाहीस, नियम म्हणजे नियम, तुझ्यासारखी बाई सापडायची नाही. ती प्रत्येकाला थँक यू म्हणत होती. तिचा चेहरा वाढपाच्या टेबलाएवढा पांढरा होता.

अशा सभेची तक्रार तीन दिवसांत करता येते. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्डेल दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत बिजागऱ्यांच्या फळीपाशी उभी राहिली.

"कागदावर आता काय दिसतं?" तिने विचारलं.

"तेराच दिसतं."

"आणि उजेडावर धरला तर?"

मी म्हणालो, कागद जिल्ह्याच्या कचेरीत गेला, आता धरणार कुठे. ती म्हणाली, मग आपण फोन करू. तू आणि मी, दोघांनी मिळून सांगू. मी गल्ल्यावरची धूळ पुसली. तिने चाळीस वर्षं ज्या शब्दाने सगळ्यांना वाटेला लावलं तोच मी तिला दिला. म्हणालो, "बघू या." तिला तो कळला. स्वतःचंच नाणं होतं ते. ती बिजागऱ्यांची एक जोडी विकत घेऊन गेली, जिची तिला काही गरज नव्हती. तीन दिवस होऊन गेले. तिने एकटीने फोन का केला नाही? तिलाच विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की मी घाबरट आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे मात्र भिडेने भीक दुसऱ्याच्या पदरात पडते.

शनिवारी सकाळी तिने माझ्या दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवला. तिने कधी कोणाच्या दारात हॉर्न वाजवलेला नव्हता. "बस," ती म्हणाली, आणि मी बसलो. गाडी लिओटाच्या घरी गेली.

लिओटाने दार उघडलं, कोट घेतले, कॉफी ओतली. आमच्या गावात कोणाला दारातून हाकलत नाहीत. डेनी आतल्या खोलीत टीव्ही बघत होता, त्याने आम्हाला हात केला. मार्डेलने कपाला हात लावला नाही.

"मी डेनीला मोजलं होतं," ती म्हणाली. "चौदा म्हणाले होते. आणि मग तेरा म्हणाले."

"मला माहीत आहे," लिओटा म्हणाली. "मी त्याच्या शेजारीच होते. मीही ऐकलं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "मग तू का नाही बोललीस?" असा प्रश्न विचारायला फार निर्लज्ज व्हावं लागतं, आणि मला तो सहज जमला.

लिओटा माझ्याकडे वळली. "मी बोलले असते तर त्या वकिलाने डेनीला विचारलं असतं, राष्ट्राध्यक्ष म्हणजे काय, तू कोणासाठी आलायस. सगळं गाव ऐकत होतं. त्याने टाय स्वतः बांधला होता रे त्या दिवशी." ती थांबली. "मला वाटलं, मार्डेल बोलेल. तिला डेनीला काही विचारायचीच गरज नव्हती. तिने त्याला मोजलं होतं."

मार्डेल रडायला लागली. तोंडावर हात न घेता, तशीच, ताठ बसून. लिओटाने तिला रुमाल दिला नाही. माझं चुकलं, मला क्षमा कर, असं काहीतरी मार्डेल म्हणाली.

"मला सांगून काय उपयोग?" लिओटा म्हणाली. "मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

 परत येताना माझ्या दारात गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, आता उकरून काय मिळणार, टॉलिव्हर तर शर्यतीतून बाहेरही पडला. ती समोरच्या काचेतून बघत म्हणाली, "उद्या माझ्याजवळ बस."

रविवारी चर्चमध्ये मी तिच्याजवळ बसलो. खरं तर मी लांब बसणार होतो, पण तिने बाकावर माझ्यासाठी आतली जागा ठेवली होती, स्वतः कडेला होती, आणि सगळे बघत होते. प्रार्थना झाल्या, प्रवचन झालं. शेवटी घोषणांची वेळ. पाद्रीबाबांनी आजाऱ्यांची नावं वाचली, गुरुवारच्या पॉटलकचं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचं, सांगितलं, आणि मग हसून म्हणाले, की कॉकशीच्या दिवशी अवघड प्रसंगी न्यायाने वागलेल्या आपल्या भगिनीचे या आठवड्यात आपण आभार मानायला हवेत.

मार्डेल उभी राहिली. लोकांना वाटलं, आभाराला उत्तर देतेय. दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या.

"मी न्यायाने वागले नाही," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण आमचं चर्च छोटं आहे. "डेनी ब्रॅन्ट त्याच्या जागी उभा होता. मी त्याला मोजलं, चौदावा. माझा हात लागला म्हणून तो माझ्यामागे आला, आणि मला कोणी विचारल्यावर मी खोटं बोलले. लिओटाची जागा मी घालवली. ती तिची होती."

 चार बाकं पुढे लिओटा बसली होती, तिची पाठ हलली नाही. डेनीने आपलं नाव ऐकून मागे वळून हात केला.

मार्डेल अजून उभीच होती. तिने मान खाली करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तगादा नव्हता. ती फक्त माझी वाट बघत होती. आणि तिने गुडघे बाजूला घेतले, कडेच्या वाटेकडे, मला उठून बाहेर यायला जागा व्हावी म्हणून. माझ्या हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. मी त्यातलं एक पान उलटलं. ते कशाचं होतं ते मला आजही माहीत नाही.

ती किती वेळ थांबली, मला सांगता येणार नाही. मग तिने पुन्हा वर बघितलं.

"डेलमरचा यात काही दोष नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "मी सांगितलं तेच त्याने लिहिलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती. मागून एल्रॉयने माझ्या खांद्यावर थोपटलं. मी मान हलवली. मग माझेही गुडघे मी आत ओढून घेतले, मार्डेलला नीट बसता यावं म्हणून.